आमच्या पारोळ्याचं स्टेशन

पारोळ्याला रेल्वे स्टेशन नाही. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना सांगितलंय की आता कुणी "तुमचं स्टेशन कोणतं?" असं विचारलं की मी सरळ "उधना" म्हणून मोकळा होतो. समोरचा गोंधळतो. पारोळा जळगाव जिल्ह्यात, उधना सुरतेत, मधे अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. पण माझ्या दृष्टीने उत्तर बरोबर आहे.

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त नानांचं, म्हणजे माझ्या मोठ्या काकांचं. ते गेल्या मार्गशीर्षात नातीच्या साखरपुड्यासाठी सुरतेला आले होते. त्यांना न्यायला आणि चार दिवसांनी परत गाडीत बसवायला मी उधन्याला गेलो. परतीच्या दिवशी गाडी दीड तास लेट होती. त्या दीड तासात त्यांनी मला जे सांगितलं ते लिहू की नको, यात दोन महिने गेले. शेवटी चुलतभावाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "लिही ना भो, आता कोन राग धरी ऱ्हायनं?" म्हणून लिहितोय. घरची मंडळी हे वाचतात हे ठाऊक आहे, तेव्हा जपून.

आधी थोडं स्टेशनाबद्दल, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पारोळा तसं जुनं गाव. किल्ला आहे, १७२७ मध्ये हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला असं सांगतात. झाशीच्या राणीच्या माहेरच्या तांबे घराण्याशी गावाचं नातं जोडतात आणि लहानपणी आम्हाला त्याचा फार अभिमान असे. बालाजीचा रथ आहे. नाही ती फक्त रेल्वे. मुंबईहून भुसावळकडे जाणारी मोठी लाइन चाळीसगाव-पाचोऱ्यावरून गेली, सुरतेची लाइन अमळनेर-धरणगावावरून गेली, आणि पारोळा दोन्हींच्या मधोमध कोरडं राहिलं. आमच्या वाट्याला रस्ता आला, तोही मोठा. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हा पूर्वीचा सहा नंबरचा हायवे (आता त्याला त्रेपन्न म्हणतात) पारोळ्यावरूनच जातो. म्हणजे पारोळा आणि सुरत एकाच रस्त्यावर. पण बायका-पोरं, गव्हाचं पोतं, लोणच्याची बरणी असा संसार घेऊन निघालेला माणूस एसटीने जात नाही. तो आधी वीस-बावीस किलोमीटरवरच्या अमळनेरला जातो आणि पॅसेंजर धरतो.

ही जी सुरत-जळगाव लाइन आहे ती मुळात तापी व्हॅली रेल्वे या कंपनीची. १८९९-१९०० च्या सुमारास ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली, म्हणजे ऐन छप्पन्नच्या दुष्काळात. खानदेशचा कापूस सुरतेकडे नेणं हा तिचा धंदा. पुढे ती बी.बी. अँड सी.आय. रेल्वेत गेली आणि ५ नोव्हेंबर १९५१ पासून पश्चिम रेल्वेत. म्हणून आमचं अमळनेर महाराष्ट्रात असूनही पश्चिम रेल्वेवर, आणि तासाभरावरचं जळगाव मध्य रेल्वेवर. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली आणि सीमारेषा नवापूर स्टेशनाच्या मधून गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांचं ऑफिस गुजरातेत! फलाटावर एक बाकडं आहे, त्याचा अर्धा भाग महाराष्ट्र, अर्धा गुजरात. लहानपणी गाडी तिथे थांबली की आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "चला, देश आला." त्यांचा देश नवापूरला सुरू व्हायचा.

आणि त्या लाइनचं दुसरं टोक म्हणजे उधना. सुरतेच्या दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवर, मुंबई-अमदाबाद मार्गावरचं उपनगरी जंक्शन. खानदेशची गाडी इथेच मोठ्या लाइनला मिळते. कागदोपत्री ते सुरतेचं छोटं स्टेशन. पण उतरणारी माणसं बघाल तर कळेल. लिंबायत, डिंडोली, नवागाम, पांडेसरा, भेस्तान या सगळ्या कामगार वस्त्यांना हेच जवळ. आणि या वस्त्यांत गल्लीच्या गल्ली खानदेशी. कुणी पारोळ्याचं, कुणी शिंदखेड्याचं, कुणी दोंडाईच्याचं. श्रावणात कानबाई बसते, आखाजीला लेकी माहेरी निघतात, तेव्हा फलाटावर गुजराती ऐकू येईल की नाही शंकाच, अहिराणी नक्की ऐकू येते. माझं सगळं शिक्षण महापालिकेच्या मराठी शाळेत झालं, तेही गुजरातेत. हे सांगितलं की पुण्याच्या लोकांना खोटं वाटतं :)

आमच्या लहानपणी उधना स्टेशन अगदीच साधं होतं. मोठमोठ्या गाड्या तिथे न थांबता धूळ उडवत जायच्या. आमचा संबंध फक्त भुसावळ पॅसेंजरशी. तिकीट खिडकीशी ही रांग, एक चहाचा गाडा, खांद्यावर ट्रंक. प्लॅटफॉर्मवर जागा धरायची म्हणजे रुमाल नाही, माणूस आत टाकायचा. मी सडपातळ होतो म्हणून खिडकीतून मलाच टाकत. पुढे बारडोली, मग मढी (तिथली खमणी आप्पा न चुकता घेत), व्यारा, सोनगड, नवापूर. नंदुरबार आलं की हिवाळ्यात मिरचीचा ठसका डब्यात शिरायचा आणि झोपलेली पोरं खोकत उठायची. एकेरी लाइन, त्यामुळे क्रॉसिंगला गाडी कुठेही तासभर उभी. आता ते राहिलं नाही. उधना-जळगाव दुहेरीकरण आणि विद्युतीकरण पूर्ण होऊन १६ फेब्रुवारी २०१९ ला धुळ्याच्या सभेत पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. त्याच दिवशी बांद्रा-भुसावळ खानदेश एक्स्प्रेसला झेंडा दाखवला. आप्पा असते तर 'खानदेश' हे नाव गाडीवर वाचायला खास स्टेशनावर गेले असते. ते २०११ मध्ये गेले.

असो. मुद्दा १९९४ चा.

तेव्हा मी अकरा वर्षांचा, बहीण सात वर्षांची. आप्पा लूमच्या खात्यात कारागीर, बारा-बारा तासांची पाळी. आम्ही लिंबायतला एका खोलीत राहायचो. त्या वर्षी पाऊस फार झाला होता, पाणी साचलं होतं, गणपती नुकतेच उठले होते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आप्पा पाळी अर्धी टाकून घरी आले. हे कधीच होत नसे. दारातूनच मायला म्हणाले, "भांडी बांध." सुरतेत प्लेग आला होता.

आज वाचताना वाटेल की प्लेग म्हणजे पुस्तकातली गोष्ट. पण त्या आठवड्यात काही लाख लोकांनी सुरत सोडली. डॉक्टर लोकही गेले असं म्हणत. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून संपल्या, ज्याला मिळाल्या त्याने बघता बघता गिळल्या. प्रत्यक्षात मृत्यू पन्नासच्या आसपास झाले आणि रोग लवकर आटोक्यात आला. पुढे एस. आर. राव आयुक्त म्हणून आले, त्यांनी शहर असं धुऊन काढलं की सुरतेचं नाव देशातल्या स्वच्छ शहरांत येऊ लागलं. पण हे सगळं नंतर. त्या रात्री उधना स्टेशनावर हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती गर्दी मी पुन्हा कधी पाहिली नाही. प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल, साडीचा पदर, टॉवेल. आवाज मात्र नव्हता. एवढी माणसं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण तोंड उघडायची भीती. गाडी आली तेव्हा ती सुरतेहूनच भरून आली होती. आप्पांनी नेहमीप्रमाणे मला खिडकीतून आत टाकलं, मग बहिणीला. मायला कुणीतरी दारातून ओढून घेतलं. आप्पा दिसेनात. बारडोलीपर्यंत आम्हाला ते गाडीत आहेत की फलाटावर राहिले हे माहीत नव्हतं. बारडोलीला खिडकीशी येऊन त्यांनी बोटं दाखवली, एक, दोन, तीन, आम्ही तिघं आहोत ना म्हणून. ते दाराच्या दांडीला लटकून आले होते. त्या रात्री नवापूरला "देश आला" म्हणाले की नाही, आठवत नाही.

उजाडता अमळनेर आलं. फलाटावर टेबल टाकून आरोग्य खात्याची माणसं बसली होती, त्यांनी नाव-गाव लिहून घेतलं, गोळ्या दिल्या. अमळनेरला माझी फुई राहते, पण आप्पा म्हणाले आधी घरी. एसटीत बसलो. कंडक्टरने विचारलं, "सुरतहून का?" आप्पा खोटं बोलू शकले नाहीत. आमच्या पुढची दोन बाकडी रिकामी झाली.

पारोळ्याला घरी पोचलो तर नाना ओट्यावर उभे. त्यांना बहुतेक आधीच निरोप गेला असावा. आम्ही अंगणात शिरलो तसा त्यांनी हात वर केला, थांबा अशा अर्थाने. मग म्हणाले, "घरमा येऊ नका. खळ्यात राहा आठ दिवस." बस, एवढंच. पितृपंधरवडा चालू होता, घरातून तळणाचा वास येत होता. मी कालपासून काही खाल्लं नव्हतं. माझी बहीण आजीला हाक मारत ओट्याकडे पळाली, तर नाना दोन पावलं मागे सरकले. ती दोन पावलं मायने कायमची लक्षात ठेवली.

खळं गावाबाहेर, दहा मिनिटांवर. तिथे कडब्याची एक पडवी होती. आम्ही अकरा दिवस त्या पडवीत राहिलो, आठ नव्हे. रोज दोन वेळा नाना यायचे, दगडी बांधावर डबा ठेवायचे, लांबूनच "बरं शे ना?" विचारायचे आणि आप्पांनी "बरं शे" म्हटलं की परत फिरायचे. डब्यात काही कमी नसायचं. श्राद्धाची खीरसुद्धा आली. माय तिला शिवली नाही. तिसऱ्या दिवशी अमळनेरहून फुई आली. तिला नानांनी अडवलं असणार, पण ती सरळ खळ्यात आली, बहिणीला मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांतल्या उवा काढत बसली. संध्याकाळी एसटीने परत गेली. माझ्या फुईला लिहिता-वाचता येत नाही, आणि हे तिला कुणीतरी वाचून दाखवेल म्हणून मुद्दाम लिहितोय: फुई, ते आम्ही विसरलो नाही.

आप्पा नवरात्रानंतर एकटेच सुरतेला परतले. लूम सुरू झाले होते आणि पगार अडकला होता. आम्ही दिवाळीनंतर गेलो. आप्पांनी नानांबद्दल चकार शब्द काढला नाही. माय बोलायला लागली की म्हणायचे, "त्याच्या घरात दीड महिन्याचं बाळ होतं. मी असतो तर मीही तेच केलं असतं." मायचं उत्तर ठरलेलं होतं: "तुम्ही नसतं केलं." त्यानंतर माय पारोळ्याला गेली, लग्नकार्याला, बाराव्याला, सगळ्याला गेली. पण नानांच्या घरचं पाणी प्यायली नाही. उपास आहे, पोट बिघडलंय, आत्ताच चहा झाला... तीस वर्षांत तिला किती उपास पडले याची गणती नाही. नानांच्या हे लक्षात आलं होतं का? आलंच असणार.

२०२० मध्ये चाक उलटं फिरलं. मार्चमध्ये सगळ्या गाड्याच बंद झाल्या, उधना स्टेशनाला कुलूप लागावं तसं झालं. नानांचा नातू तेव्हा डिंडोलीत नोकरीला, तो कसाबसा मोटारसायकलने पारोळ्याला पोचला. त्याला गावातल्या शाळेत चौदा दिवस ठेवलं. पंचाहत्तरी उलटलेले नाना रोज त्याचा डबा घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत जायचे. मला त्यांचा तेव्हा एकदा फोन आला होता. "या वेळी मी नाही ठेवलं हो बाहेर. सरकारने ठेवलं," एवढं म्हणाले आणि हवापाण्याचं विचारून फोन ठेवला. मी मायला सांगितलं नाही.

तर आता उधन्याचा तो दीड तास.

स्टेशन आता ओळखू येत नाही. सुरत स्टेशनाच्या नव्या बांधकामामुळे बऱ्याच गाड्या उधन्याला वळवल्या, त्यामुळे फलाट गजबजलेले. दानापूर, जयनगरला जाणाऱ्या गाड्या इथून सुटतात. २०२५ च्या सप्टेंबरात उधना-ब्रह्मपूर अमृत भारत सुरू झाली, ती मुख्यतः लूमवरच्या ओडिशी कामगारांची. दिवाळी-छठच्या वेळी तर स्टेशनाबाहेर रस्त्यापर्यंत रांग जाते आणि आपल्या खानदेशच्या माणसाला वाटतं, आपलं स्टेशन दुसऱ्यांनीच घेतलं. मला तसं वाटत नाही. आम्ही तरी कुठे इथले होतो. पण एक तक्रार आहे: एवढं सगळं झालं तरी आमच्या पॅसेंजरच्या फलाटावर म्हाताऱ्या माणसाला टेकायला बाकडी पुरत नाहीत. नानांना मी एका पोत्यावर बसवलं, पोत्याच्या मालकाला विचारून. तो नरडाण्याचा निघाला.

नाना बराच वेळ रुळांकडे बघत होते. मग एकदम म्हणाले, "तू खिडकीतून आत जायचा ना रे? तुझा बाप सांगायचा."

मी हो म्हटलं.

"मी नव्हतं ठेवलं तुम्हाला खळ्यात."

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलतायत. मग त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी रेडिओवर सुरतेची बातमी लागली, तेव्हा आजीने सगळ्यांना बसवून सांगितलं की पोरगं येईल, त्याला घरात घ्यायचं नाही. आजीच्या लहानपणी गावात प्लेग यायचा तेव्हा उंदीर पडले की गाव घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहायचं. तिची एक धाकटी बहीण त्यातच गेली होती, कारण कुणाला तरी दया येऊन त्यांनी आजारी माणसाला घरात घेतलं होतं. हे तिने आयुष्यात पहिल्यांदा त्या रात्री सांगितलं. आणि म्हणाली, "मी सांगू शकणार नाही. माझं पोरगं समोर आलं तर मी दार उघडीन. तू सांग." म्हणून आजी त्या दिवशी ओट्यावर आली नाही. बहीण हाका मारत होती तेव्हा ती आतल्या खोलीत होती. डबे तीच भरायची.

"मग तुम्ही मायला का नाही सांगितलं? आप्पांना तरी?"

"तुझ्या बापाला ठाऊक होतं," नाना म्हणाले. "मीच सांगितलं होतं, दिवाळीत. आम्ही दोघांनी ठरवलं. म्हातारीला सुनेची कटकट नको, तिचे किती दिवस राहिलेत. माझ्यावर राग ऱ्हायना तर चालेल." आजी त्यानंतर नऊ वर्षं जगली. माय तिचं सगळं करायची. शेवटच्या आजारपणात दोन महिने पारोळ्याला राहिली, फुईच्या ओळखीच्या खोलीत. आजी गेल्यावर सांगता आलं असतं. पण तोवर सवय झाली होती, बहुतेक सगळ्यांनाच.

गाडी आली. आता ती पॅसेंजर राहिलेली नाही, पण आम्ही पॅसेंजरच म्हणतो. मी पिशवी घेऊन आधी चढलो, नानांना हात दिला. जागा मिळाली. ते खिडकीशी बसले आणि मला म्हणाले, "वैनीला सांगू नको." म्हणजे सांग, असं मला वाटलं. चूक असेल तर माफ करा, नाना.

मी त्याच रात्री सांगितलं. माय भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. मला वाटलं होतं रडेल, किंवा निदान म्हणेल की अरेरे. भाकरी तव्यावर टाकून, पाणी लावून झाल्यावर म्हणाली, "सासूबाईंनी बरोबर केलं." मग बऱ्याच वेळाने, "पण ते मागे सरकले ना? ते काही सासूबाईंनी सांगितलं नव्हतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. बहिणीला विचारलं तर तिला ती दोन पावलं आठवतच नाहीत, तिला फक्त खळ्यातलं मांजर आठवतं.

आखाजीला पारोळ्याला जायचं ठरतंय. मी अमळनेरपर्यंतची तिकिटं काढली, दोन खालचे बर्थ. मायने विचारलं, "परतीचं कधीचं?" मी म्हटलं, तू सांगशील तेव्हाचं. तिने सांगितलं नाही. पण काल मढीची खमणी नानांना चालते का, दात आहेत का त्यांना, असं विचारत होती.